रिकामे सोडलेले रकाने

करोल बागेतल्या आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो खोकी फोडण्याच्या आवाजानं. तळमजल्यावर घरमालक राहायचे, पहिल्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. मालकांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण माल आधी घराच्या अंगणात उतरायचा. पहारीनं फळी उचकटली की खिळे कुरकुरत बाहेर यायचे आणि मग पेंढ्यात गुंडाळलेले, ग्रीस माखलेले तुकडे एकेक करून जुन्या चादरीवर मांडले जायचे. त्या ग्रीसचा वास आणि खालच्या स्वयंपाकघरातल्या कांद्या-टोमॅटोच्या फोडणीचा वास जिन्यातून एकदमच वर यायचा. इतकी वर्षं झाली, अजूनही एखाद्या गॅरेजसमोरून गेले की मला भूक लागते. हे मी फारसं कुणाला सांगत नाही.

मालकांचं नाव हरबन्सलाल. सगळी गल्ली त्यांना बाऊजी म्हणायची, आम्हीही तेच म्हणायचो. फाळणीच्या वेळी ते सोळा-सतरा वर्षांचे होते. दिल्लीत आल्यावर फूटपाथवर कापड पसरून मोटारींचे बल्ब विकायला त्यांनी सुरुवात केली, आणि मी त्यांना पाहिलं तोवर दुकान, दुकानामागचं गोदाम आणि हे दुमजली घर एवढं उभं केलं होतं. उंच, जाड भिंगांचा चष्मा, अंगात बारा महिने एकच राखाडी स्वेटर किंवा एकच पांढरा बुशशर्ट. एखादा तुकडा हातात घेऊन अंगठा फिरवला की तो कुठल्या गाडीचा आणि किती दिवस टिकेल हे ते सांगायचे. त्यांच्या बायकोला आम्ही बीजी म्हणायचो. राजन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठा, म्हणून माझा राजनभैया.

आम्ही साळवे, मूळचे नगरचे. पपा मिशनच्या शाळेत शिकले, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि दिल्लीत आले ते कायमचेच. घरात आम्ही तिघंच. महिन्यातून एका रविवारी मराठी उपासना असायची, उसन्या चर्चमध्ये, दुपारी, इंग्रजीवाल्यांची संपल्यावर. बाकीचे रविवार पपा घरीच मोठ्यानं शास्त्रपाठ वाचायचे आणि खालून रेडिओवर भजन लागलेलं असायचं. कुणाचं कुणाला अडायचं नाही. मम्मी हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि मटणाचं कालवण करायची, नाताळात करंज्यांचा डबा खाली जायचा. लोहडीला, म्हणजे त्यांच्या संक्रांतीला, तोच डबा गजक, रेवडी भरून वर यायचा. बीजी शाकाहारी होत्या, पण कालवणाचा वास आला की जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या, "सुशीला, आज क्या जुल्म कर रही है!" मम्मीचं हिंदी शेवटपर्यंत नगरचंच राहिलं. माझं मराठी मात्र दिल्लीचं झालं. 'पहार' हा वर लिहिलेला शब्दसुद्धा मला मैत्रिणीला फोन करून विचारावा लागला.

पपांचं खातं परदेशी यंत्रं आणायचे परवाने देणारं होतं. आज माझ्या चुलत भाचरांना हे सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. स्वतःच्या पैशानं यंत्र विकत घ्यायचं असेल तरी आधी सरकारकडे अर्ज करायचा, आणि मग सरकार ठरवणार की तुम्हाला ते खरंच हवं आहे की नाही. पपा त्या विभागात अधिकारी होते. फार मोठे नव्हेत, पण फाईल त्यांच्या टेबलावरूनच पुढे जायची. दिवाळीच्या सुमारास अनोळखी माणसं मिठाईचे खोके घेऊन दाराशी यायची आणि पपा दारातूनच हात जोडायचे. एकदा कुणीतरी खोका जिन्यातच ठेवून गेला, तर पपा तो मांडीवर घेऊन बसनं त्या माणसाच्या दुकानापर्यंत पोचवून आले. मम्मी तेव्हा चिडली होती. "अहो, निदान वास तरी घेऊ द्यायचा पोरीला," म्हणाली.

मी अकरावीत असताना बाऊजींनीही अर्ज केला. दुसऱ्यांचा माल विकून त्यांचं समाधान होत नव्हतं. इंजिनाखाली रबर आणि लोखंड जोडून केलेले जाड ठोकळे बसवतात, इंजिनाची थरथर गाडीत येऊ नये म्हणून. त्याला माउंटिंग म्हणतात. ते बनवायचं यंत्र त्यांना बाहेरून आणायचं होतं. काही महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. बाऊजी काही बोलले नाहीत. पण त्यापूर्वी दर रविवारी खाली चहाला "साळवेसाहब, आ जाओ" अशी हाक यायची, ती बंद झाली. जिन्यात भेटले तर नमस्ते व्हायचं. भाडं वाढवलं नाही, पाणी तोडलं नाही, बीजींच्या वाट्या येत राहिल्या. फक्त बाऊजींनी वर पाऊल टाकलं नाही. पपांनीही घरात त्या अर्जाचा विषय काढला नाही. मम्मीनं एकदा विचारलं, तर "ऑफिसच्या गोष्टी घरात नकोत," एवढंच म्हणाले.

मग मी कॉलेजात असताना सरकारनं धोरण बदललं आणि बहुतेक परवाने रद्दच झाले. पपा त्या आठवड्यात रोज साडेचारलाच घरी यायला लागले. त्यांच्या विभागातली कपाटं व्हरांड्यात आणून ठेवली होती, म्हणे, आणि जुन्या फायली रद्दीत जाणार होत्या. त्यांची बदली दुसऱ्या एका खोलीत झाली, जिथे एक पंखा, चार खुर्च्या आणि जवळपास काहीच काम नव्हतं. त्याच आठवड्यात खालून लाडू आले. राजनभैया स्वतः घेऊन आला. "अंकल, अब किसी से पूछना नहीं पड़ेगा!" म्हणाला. त्याच्या मनात टोमणा नव्हता, तो नुसता खूश होता. पपांनी लाडू घेतला, पूर्ण खाल्ला, हात धुतला आणि आत जाऊन आडवे झाले. दुपारी झोपायची सवय त्यांना त्या दिवसापासून लागली.

वर्षभरात बाऊजींनी गुडगावला जमीन घेतली. आज तिथे काचेचे मनोरे आहेत आणि नावही गुरुग्राम झालं आहे. तेव्हा मोठ्या रस्त्यावरून उतरलं की दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध, कुणी विसरून ठेवल्यासारखे, पत्र्याचे नवेकोरे कारखाने. मी बी.कॉम. झाले होते, टायपिंग येत होतं, इंग्रजी पत्र नीट लिहिता येत होतं. एक दिवस बीजींनीच वर येऊन विषय काढला. बाऊजी म्हणतायत, सरोजला कारखान्याच्या ऑफिसात घेऊ, घरची मुलगी आहे, व्हॅनमधून राजनबरोबर जाईल, राजनबरोबर येईल.

पपा नाही म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, पण ते नाहीच होतं.

"लोक म्हणतील, साळव्यांनी पूर्वी काहीतरी करून दिलं असणार. त्याची परतफेड चाललीय."

"कुठले लोक?" मम्मी पोळी लाटता लाटता म्हणाली. "तुमच्या विभागातले? तो विभाग तरी आहे का आता?"

हे तिनं बोलायला नको होतं. तिलाही ते लगेच कळलं. पपा ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घास बराच वेळ हातात राहिला. मी म्हटलं, "पपा, मला जायचंय." बँकेच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते आणि घरात बसून कंटाळले होते, याहून थोर कारण माझ्याकडे नव्हतं. ते म्हणाले, "जा. पण पगाराची पावती घेत जा."

कारखाना म्हणजे एक लांब शेड. एका टोकाला रबर तापवणारी यंत्रं, दुसऱ्या टोकाला प्लायवुडच्या भिंतींचं ऑफिस. यंत्राचा दट्ट्या खाली आला की माझ्या टेबलावरची पेनं उडायची. वीज गेली की जनरेटर धडधडायला लागायचा आणि मग सगळे ओरडून बोलायचे. ती सवय अशी लागली की घरी आल्यावर मम्मी म्हणायची, "अगं हळू, आम्ही इथंच आहोत." दुपारी कामगारांसाठी राजमा-चावल आणि कच्चा कांदा असायचा, मीही तेच खायचे. चौकीदाराच्या गावची बाजरी मी व्हॅनमधून घरी आणायचे. मम्मी पीठ हातावर घेऊन म्हणाली होती, "नगरसारखी नाही, पण माणसं चांगली असावीत तिथली."

राजनभैया मला आवडायचा. सकाळी व्हॅनमध्ये तो उजव्या बाजूच्या शेतांकडे बोट दाखवून सांगायचा, इथे हॉटेल होणार, इथे दहा मजली घरं होणार. मला हसू यायचं. तो मात्र प्रत्येक शनिवारी कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याच्या खाटेवर बसून हुक्का ओढत असे आणि थोडी थोडी जमीन घेत असे. बाऊजींना ते पसंत नव्हतं. "माल बना, मिट्टी मत ख़रीद," म्हणायचे. पुढे जे झालं ते पाहता राजनचंच बरोबर होतं, हेही इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका जपानी मोटार कंपनीची माणसं कारखाना पाहायला येणार असं ठरलं. त्यांनी पसंत केलं असतं तर माल दुकानादुकानांतून विकायची गरजच उरली नसती, सगळा थेट त्यांच्या गाड्यांना गेला असता. राजननं शेडला रंग दिला, कामगारांना निळे कपडे शिवले. आणि मग त्यांच्या यादीत एक ओळ निघाली : चाचणीच्या नोंदवह्या पाहायला मिळाव्यात. रबराच्या प्रत्येक घाण्यातले पाच तुकडे काढून रबर किती कठीण आहे ते मापकानं पाहायचं, एक तुकडा यंत्रात ताणून लोखंडापासून कधी सुटतो ते पाहायचं आणि लिहायचं, असा नियम होता. पण चाचणी करणारा माणूस होळीच्या सुमारास दुसऱ्या नोकरीवर गेला होता, आणि तेव्हापासून वही कोरी होती. सात महिने माल बनत होता, जात होता. मधूनमधून कुणीतरी तुकडा ताणून बघायचं, लिहायचं कुणी नाही. चाचणी कशी करायची ते मलाही त्या माणसानं दाखवलं होतं, पण मला कुणी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

शनिवारी राजननं दोन वह्या माझ्या हातात दिल्या. "घरी बसून भर. कठीणता साठ-बासष्टच्या आसपास ठेव, कधी एकोणसाठ. दोन-तीन पेनं वापर. सब करते हैं, सरोज." बुधवारी पाहुणे येणार होते. मी हो म्हटलं. मला तेव्हा वाईटही वाटलं नाही. उलट वाटलं, एवढ्या मोठ्या कामात माझ्यावर भरवसा टाकला.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मी वह्या पसरून बसले. निळं पेन, काळं पेन, आणि एक फिकट निळं. तारीख, घाण्याचा क्रमांक, पाच आकडे, सही. सुरुवातीला प्रत्येक आकडा विचार करून लिहिला, मग हात आपोआप चालायला लागला. मम्मीनं मध्ये चहा दिला. पपा झोपून उठले, पाणी प्यायला आले आणि माझ्या मागे उभे राहिले. किती वेळ ते कळलं नाही. मग खुर्ची ओढून बसले आणि वही स्वतःकडे वळवली.

"पंधरा ऑगस्टला कारखाना चालू होता?"

मी पान पाहिलं. पंधरा ऑगस्टला मी साठ, एकसष्ट, साठ, बासष्ट, साठ लिहिलं होतं.

त्यांनी पानं उलटली. "सही बघ तुझी. पहिल्या पानावर टवटवीत आहे. नवव्या पानावर दमलीय. दहाव्यावर परत ताजी झाली. इथे चहा घेतलास?"

घेतला होता. मला रडूच यायला लागलं, पण पपांच्या आवाजात राग नव्हता. अठ्ठावीस वर्षं ते दुसऱ्यांचे कागद वाचत आले होते, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्यापुढे वाचण्यासारखं काहीतरी आलं होतं. "पकडलं जाईल म्हणून सांगत नाहीये," ते म्हणाले. "न पकडलं जाण्यासारखं कसं लिहायचं, तेही मला येतं. या तुकड्यांवर इंजिन बसतं ना?"

"हो."

"आणि गाडीत माणसं."

ते उठले. "नोकरी तुझी आहे. मी हो किंवा नाही सांगणार नाही," असं म्हणून गॅलरीतल्या त्यांच्या मिरचीच्या कुंडीला पाणी घालायला गेले.

मी वह्या छातीशी धरून खाली गेले. राजन गुडगावलाच होता, बाऊजी एकटे अंगणात उन्हात बसले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बाऊजी, मुझसे नहीं होगा." ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वही उघडली. त्यांना इंग्रजी अक्षर धड लागत नसे, पण आकडे लागत. बराच वेळ पाहून म्हणाले, "तेरे पापा ने देखा?" मी हो म्हटलं. ते उठले आणि जिन्याकडे निघाले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

पपा बनियनवर होते. धावत जाऊन शर्ट घालून आले, वरचं बटण चुकीच्या काजात गेलं. बाऊजी धापा टाकत खुर्चीवर बसले आणि वही टेबलावर ठेवली.

"साळवेसाहब, आप काग़ज़ के आदमी हैं. बताइए, ये चलेगा कि नहीं?"

"सरकारी दफ़्तर में शायद चल जाता," पपा म्हणाले. "जो आदमी गाड़ी बनाता है, उसके सामने नहीं चलेगा."

बाऊजींनी मान हलवली. मग, वहीकडेच बघत, म्हणाले, "मेरी अर्ज़ी भी आपने ऐसे ही पढ़ी थी?"

स्वयंपाकघरात मम्मीच्या हातातली भांडी थांबली.

"आपकी अर्ज़ी मैंने पढ़ी ही नहीं," पपा म्हणाले. "आप मेरे मकानमालिक थे. मैंने पहले ही दिन लिखकर दे दिया कि यह फ़ाइल मेरे पास न आए. वह दूसरे अफ़सर के पास गई."

"नामंज़ूर उसने की?"

"जी."

"और आपने छह साल में बताया नहीं?"

"बताने का नियम नहीं था."

बाऊजी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता ते हात धरतील, माफी मागतील, असं काहीतरी होईल. त्यांनी विचारलं, "आपके पास रहती तो पास हो जाती?"

एखादी गोष्ट नक्की माहीत नसेल तर पपा ती बोलत नसत. तोलून म्हणाले, "सुना था कि काग़ज़ पूरे थे. पूरे काग़ज़ मैंने कभी नहीं रोके."

"मतलब हो जाती." बाऊजी हसायला लागले, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "देखो जी. आपकी ईमानदारी ने ही मुझे मारा! छह साल! मैं समझता रहा आपने रोकी, और आपने तो हाथ ही नहीं लगाया."

पपांचा चेहरा तसा मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मिठाईचा खोका बसनं परत करणारा माणूस. आपण त्या वेळी योग्य तेच केलं आणि तरी समोरच्याचं नुकसान झालं, हे त्यांना बहुधा त्या क्षणी पहिल्यांदाच दिसलं. "हाँ," ते म्हणाले. "ऐसा हुआ होगा." एवढंच. समर्थन केलं नाही. आज मी विचार करते, तर मला वाटतं की त्यांच्या सगळ्या सच्चेपणात हे 'हाँ' म्हणणं सर्वांत अवघड होतं.

मम्मी चहा आणि शंकरपाळे घेऊन आली. बाऊजींनी चार-पाच शंकरपाळे एकापाठोपाठ खाल्ले, चहा संपवला आणि मग धंद्याच्या आवाजात विचारलं, "तो अब करें क्या?" पपांनी मला पेन आणायला सांगितलं. पान फाडायचं नाही, ते म्हणाले. फाडलं की संशय. भरलेल्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मार, 'रद्द' लिही, खाली सही कर आणि आजची तारीख घाल. पुढच्या पानावर लिही की इतक्या महिन्यांची नोंद ठेवलेली नाही. रकाने रिकामे सोड. आणि उद्यापासून खरी चाचणी कर, दोन दिवसांच्या का होईना, खऱ्या नोंदी असू देत. बाऊजी माझ्या मागे उभे राहून बघत होते. तेरा पानं होती. प्रत्येक रेघेला मला वाटत होतं की मी राजनभैयाचं काहीतरी कापतेय.

सोमवारी राजननं वही पाहिली आणि ती टेबलावर आपटली. "दो साल की मेहनत है मेरी! तू घर की थी, इसलिए तुझे दी थी!" मी म्हटलं, बाऊजींना विचार. त्यानं फोन लावला, पंजाबीत भांडला, फोन ठेवला. माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

बुधवारी दोन जपानी आणि एक दुभाषी आले. त्यांतला मोठा माणूस शेडमध्ये फार कमी बोलला. वही मात्र त्यानं पहिल्या पानापासून वाचली. रद्द केलेल्या पानांवर बोट ठेवून त्यानं दुभाष्यातर्फे विचारलं, हे कुणाचं अक्षर? मी म्हटलं, माझं. का रद्द केलं? मी म्हटलं, खोटं होतं. दुभाषी जरा घुटमळला, मग त्यानं ते सांगितलं. तो माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, आता माझ्यासमोर करून दाखव. पॅक करून ठेवलेल्या मालातून त्यानंच पाच तुकडे उचलले. चार ठीक होते. पाचवा यंत्रात धरला आणि निम्म्या जोरातच रबर लोखंडापासून सोललं जाऊन बाजूला झालं, केळ्याचं साल निघावं तसं. जनरेटर तेव्हाच बंद झाला.

त्यानं राजनला विचारलं, या मालाचं काय करणार? तो माल दुसऱ्या गिऱ्हाइकाचा होता, दुपारी ट्रक यायचा होता. राजनच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. "नहीं भेजेंगे, सारा माल फिर से जाँचेंगे," तो म्हणाला, आणि पाहुण्यांसमोरच सगळी खोकी उघडायला लावली.

पसंती मिळाली नाही. वर्षभरानं पुन्हा बोलवा, असं पत्र आलं. ते काम दुसऱ्या कारखान्याला गेलं, आमच्याकडची एक पाळी बंद झाली आणि अठरा माणसांना घरी जावं लागलं. त्यांतल्या कित्येकांबरोबर मी राजमा-चावल खाल्ला होता. एक जण जाताना म्हणाला, "दीदी, लिख देतीं तो क्या जाता." मी राजीनामा टाइप करून बाऊजींकडे नेला. त्यांनी तो वाचायला पपांकडे पाठवला, आणि पपांनी त्यातली स्पेलिंगची एक चूक लाल पेननं दुरुस्त करून मला परत दिला. दुसऱ्या दिवशी बाऊजींनी माझं टेबल ऑफिसातून उचलून चाचणीच्या यंत्राशेजारी ठेवायला लावलं. वर्षानं तीच माणसं परत आली, वही वाचली आणि काम दिलं. अठरांपैकी सात जण परत आले. बाकीचे सापडले नाहीत.

त्यानंतरची गोष्ट गुडगावात सगळ्यांना माहीत आहे. तीन कारखाने झाले. पण बंगल्यासारखी कोठी, क्लब, राजनच्या मुलीच्या लग्नातले हत्ती, हॉस्पिटलच्या एका मजल्यावरचं नाव, हे माउंटिंगमधून झालं नाही. ते त्या मोहरीच्या शेतांतून झालं. करोल बागेतलं घर विकलं गेलं, आम्ही द्वारकेच्या एका सोसायटीत आलो. मी त्याच कंपनीतून, चाचणी विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले.

कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा एका मोठ्या हॉटेलात समारंभ होता. मम्मी तोवर गेली होती. पपा ऐंशीच्या पुढे होते, तरी आले, मी त्यांना मागच्या रांगेत माझ्याशेजारी बसवलं. बाऊजी अगदी पुढे, चाकांच्या खुर्चीत. राजननं भाषण केलं. चांगलं बोलतो तो. त्यानं वहीची गोष्ट सांगितली : कशा नोंदी नव्हत्या, कसा सगळ्यांनी सल्ला दिला की भरून टाक, आणि त्यानं कसं ठरवलं की नाही, जे रिकामं आहे ते रिकामंच दाखवायचं. टाळ्या पडल्या. मला राग आला का? थोडा आला. पण मी त्याच्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं की तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच तसंच आठवतंय.

तेवढ्यात बाऊजींनी हात वर केला. कुणीतरी माइक त्यांच्या तोंडाशी धरला. "इसने नहीं किया," ते मोठ्यानं म्हणाले. "ऊपरवालों ने किया." कित्येकांनी हात जोडले, आणि पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जास्त. लोकांना वाटलं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. बाऊजींच्या घरात आम्हा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना तीस वर्षं याच नावानं ओळखायचे, हे तिथे फक्त पाच-सहा जणांना माहीत होतं.

पपा काठी टेकत उठले. मी आधार द्यायला गेले, तर नको म्हणाले. टेबलांमधून वाट काढत पुढे गेले आणि बाऊजींच्या शेजारच्या खुर्चीवर, जी कुणा मंत्र्यासाठी ठेवली होती, जाऊन बसले. जेवण झाल्यावर मी त्यांना आणायला गेले तेव्हा दोघं डोकी जवळ आणून, मोठमोठ्यानं, कारण दोघांनाही ऐकू कमी यायचं, कसलं तरी नाव आठवायचा प्रयत्न करत होते. बाऊजींचा अर्ज नामंजूर करणाऱ्या त्या अधिकाऱ्याचं. सक्सेना? नाही. माथुर? नाही, माथुर दुसरा होता, तंबाखू खायचा तो. मी दहा मिनिटं उभी राहिले. ते नाव काही दोघांनाही आठवलं नाही.